खपली

ऑडिटवाल्या पोरानं पिलरवर हातोडी टेकवली,
कान लावला.
"आत बरंय," म्हणाला, "वरचं प्लास्टर सुटलंय नुसतं.
गच्चीची गळती मात्र जुनी."

नाशिकरोडच्या आमच्या तीन मजल्यांवर
बिल्डरनं सात रंगवलेत, लिफ्टसकट.
विसपुते काकूंचे गुडघे लिफ्टच्या बाजूनं.
त्यांना काय म्हणायचं?

मी फक्त विचारलं, राडारोडा कुठं टाकणार?
"टाकू की कुठंतरी."
कुठंतरी म्हणजे वालदेवीच्या काठी,
हे सगळ्यांनाच ठाऊक.
दारणेतून उपसलेली वाळू
पन्नास वर्षं भिंत होऊन राहिली,
आता पुन्हा नदीच्या उरावर.

हात वर करा म्हणाले.
माझा खिशात गेला.
तिथं मघाशी निघालेली
पिलरची खपली,
उन्हानं अजून कोमट.