पन्नासची की पंच्याऐंशीची

साजिदभाईनं काउंटरवर टॉवेल अंथरला,
वजिराबादच्या त्या बोळात, जिथं भर दुपारी
फक्त पंखा बोलतो,
आणि तीन लेन्स ओळीनं मांडल्या:
पस्तीस, पन्नास, पंच्याऐंशी.
"यांना झूम नाही, शिवदास.
पुढं-मागं व्हायचं ते तूच.
ने उदगीरला. आठ दिवसांनी एकीचे पैसे दे, दोन परत दे.
काचेला बोट लागलं तर माझ्याशी गाठ."

दुकान माझं अकरा फूट.
त्यातले दोन पडद्याला गेले, निळ्या,
ज्याच्यापुढं निम्मा तालुका नोकरीच्या अर्जासाठी
श्वास रोखून बसलेला.
एक फूट स्टुलाला. उरलं ते माझं.

पस्तीसनं मल्लिनाथचं नाक पुढं आलं,
कान मागं पळाले.
शेजारी सलून त्याचं; दिवसाला वीस चेहरे हातात धरतो,
त्याला चेहऱ्यातलं कळतं.
"हा कोण रे?" म्हणाला,
"आमच्या सोयऱ्यात असला कुणी न्हाई."

पंच्याऐंशी लावली तर पाठ शटरला लागली.
मग मी पायरीवर, मग नाली ओलांडून,
शेवटी डांबरी रस्त्यावर, ट्रायपॉडसकट.
हॉर्न. शेळी. शेळीमागची पोरगी.
कडब्याचा एक हातगाडा
अख्खी चौकट भरून निघून गेला.
आत स्टुलावर भामाबाई,
चिंचा फोडून काळी झालेली बोटं पदरात लपवून.
तिनं काहीतरी विचारलं, मला ओठच दिसले.
"काय म्हणूलालाव?" मी ओरडलो.
ती दचकली. क्लिक.
फोटो मात्र, खोटं कशाला बोलू,
पडदा लोण्यासारखा विरघळलेला,
पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा असा,
आणि मधोमध एक घाबरलेली बाई,
जिला मी इतक्या लांबून कधी पाहिलंच नव्हतं.
"हसू का, एवढंच विचारलं की रे," ती नंतर म्हणाली.

अण्णांच्या वेळी स्टुलाला सुतळी होती,
खिळ्याला बांधलेली, पाच फुटांवर गाठ.
गिऱ्हाईक बसलं की ते ती ताणायचे,
गाठ कॅमेऱ्याच्या नाकाला टेकली की
म्हणायचे, "हलू नका मालक, आता तुम्ही ठळक."
सुतळी उंदरांनी नेली. खिळा आहे.

पन्नास लावून मागं सरकत गेलो.
खांद्यापासून डोक्यापर्यंत माणूस नीट मावला
तिथं पायाखाली फरशी झिजलेली लागली:
दोन खळगे, अण्णांच्या पावलांच्या मापाचे.
माझे पाय दोन नंबरनं मोठे.

इथून भामाबाईचा श्वास ऐकू येतो.
देवीचे वण दिसतात.
"हे पुसू का कम्प्युटरवर?"
"मग हिंगोलीची बहीण कशी वळखंल?
दोघींना एकाच महिन्यात आल्या होत्या."
जवळच्या डोळ्यावर फोकस धरला,
कानातली बुगडी किंचित धूसर.
धूसर तेवढंच.

आठव्या दिवशी पन्नासचे पैसे मोजले.
"पंच्याऐंशीत काय वाईट?"
"काही नाही. दुकान आखूड आहे."
साजिदभाईनं कार्ड मागितलं, बघत गेला,
एका फोटोवर थांबला.
रस्त्यापलीकडून घेतलेला मल्लिनाथ,
गिऱ्हाईकाची हनुवटी दोन बोटांवर तोललेली,
कुणी बघतंय हे दोघांच्याही गावी नाही.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग ती लेन्स फडक्यात गुंडाळून
खालच्या कप्प्यात सारली,
विकायच्या मालात नाही.

परतीच्या एसटीत माणसं मोजत बसलो:
दाराशी उभा कंडक्टर, पंच्याऐंशी.
पुढच्या बाकावर मान वळवून बोलणारा फेटेवाला, पन्नास.
माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेलं
कुणाचं तरी पोर,
इतक्या जवळचं कुठलीच काच ठळक धरत नाही.