खाणारी तोंडं

माइमू, तू गेलीस तेव्हा
घरात खाणारी तोंडं किती उरली
हे मला कुणी सांगितलं नाही.
तिसऱ्या आठवड्यात सिंकखालून वास आला
तेव्हा कळलं.

तीन मजली हिरवा डबा.
मी त्याला जन्मभर तुझं खूळ म्हणत आलो.
झाकणावर तुझं अक्षर:
कांदा नको. संत्र्याची साल नको.
मासा तर नकोच नको.
ओल पिळलेल्या फडक्याइतकी.
खाली एक ओळ खोडलेली.
भिंग लावूनही लागली नाही.

आता माझ्या घरात त्या दिवसांत काय होतं सांगू?
काळा पाव, डब्यातली मासळी, कांदा.
मासळीचा रिकामा डबा मीच त्यांच्या अंगावर झटकला होता.
पाव घालून पाहिला,
तो बुरशीने खाल्ला.

मग बाजारात गेलो.
चौऱ्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा
बटाटे स्वतः निवडून घेतले.
विकणारी म्हणाली, कशाला हवेत, उकडायला की तळायला?
म्हटलं, सालीला.
तिने वजन करता करता माझ्याकडे नीट पाहून घेतलं.

साली जाड निघाल्या. तू असतीस तर
अर्धा बटाटा सालीतच गेला म्हणून ओरडली असतीस.
गांडुळांची चंगळ झाली.
पण सोललेल्या बटाट्यांचं करायचं काय?
उकडले. मीठ घातलं. खाल्ले.

असं सुरू झालं ते.
मग गाजर. मग बीट,
त्याने त्यांचा वरचा मजला आठवडाभर लाल.
कोबीचं सूप आता बरं जमतं,
बार्लीचं अजून बुडाला लागतं.

एक गोष्ट तुला बोललो नव्हतो,
बोलायला मला तेव्हा ठाऊकच कुठे होती.
चाळीस वर्षं मी आनेलिनच्या नऊ मजली इमारतींत
लिफ्ट दुरुस्त केल्या. दोर, पुली, ब्रेक,
मधेच अडकून दार बडवणारी माणसं.
आणि हे बघ,
खालचं अन्न संपलं की हे आपले आपण
जाळीच्या भोकांतून वर चढतात.
मोटार नाही. बटण नाही.
तोंड कुठलं नि शेपूट कुठलं तेही धड कळत नाही,
पण वर कुठे ते त्यांना कळतं.
उजेड सोसत नाही म्हणून मी टॉर्चला लाल कागद लावलाय.
रात्री झाकण उचलून बघत बसतो.

जानेवारीत उणे सव्वीस, आणि हीटिंगचा पाइप फुटला.
समोरची ओइए मुलीकडे निघाली, तू पण चल म्हणाली.
मी म्हटलं, नको, घरी माणसं आहेत.
जीभ घसरली.
डबा पलंगाशेजारी ओढून घेतला.
तुझा निळा कोट, जो मी कुणालाच देऊ दिला नव्हता,
तो त्यावर घातला.
दोन रात्रींनंतर अस्तर ओलं,
आणि बाहीला मातीचा वास.
धुतला नाही.

अंथरायला त्यांना वर्तमानपत्र लागतं, बोटभर पट्ट्या.
शोकवार्तांची पानं मी बाजूला काढायचो.
गेल्या महिन्यात तीही दिली.
नोव्हेंबरचंही.
खेळाचं पान खातात तसंच खाल्लं त्यांनी.

मे उजाडला. खालचा मजला उपसला:
काळं, भुसभुशीत, चहाच्या पुडीसारखं.
एवढ्या जेवणांचं मिळून दीड बादली.
तुझ्याकडे आणणार होतो, दफनभूमीत.
बसस्टॉपवर बादली घेऊन उभा राहिलो
आणि तू हसल्यासारखं वाटलं,
अरे, माझ्यावर कसला घालतोस, टोमॅटोला घाल.
परत फिरलो.

अर्धी बादली ओइएला दिली.
तिने विचारलं, घरची माणसं कशी आहेत?
म्हटलं, खाऊन-पिऊन सुखी.

खोडलेली ओळ अजून लागत नाही.
अंड्याच्या टरफलांबद्दल असावी.
मी आपली बारीक कुटतोय.