मात्रा

औषधफेरीला इथे लाल बिनबाह्यांचं घालतात अंगात,
पाठीवर छापलेलं: मध्ये बोलू नका.
स्टोकच्या या वॉर्डात तसंही कोण बोलणार मध्ये माझ्याशी,
दुसऱ्या वर्षाची मी,
खिशात दुमडलेली वही,
डाव्या पानावर औषधांची नावं, उजव्यावर त्यांचे गुन्हे.

सिस्टर मॅरिविक म्हणते, वाच.
पुन्हा वाच. आता मोठ्यानं.
खोक्यावरचं, तक्त्यावरचं, मनगटावरचं.
टिंबाआधी पूज्य हवंच,
टिंबानंतर लोंबतं पूज्य नको.
पूज्य कुठे बसतं त्यावर असतं
माणूस उठून बसतो की नाही ते.

शाळेत सोमणबाई एका मात्रेसाठी अर्धा गुण कापायच्या.
केवढं रडले होते मी त्या अर्ध्या गुणासाठी.
आता वाटतं, आपल्या भाषेनं मुद्दामच
दोन्हींना एक शब्द ठेवला असणार:
अक्षराच्या डोक्यावरची तिरकी रेघ
आणि चमच्यातलं औषध.
धचा मा व्हायला राजवाडा लागत नाही,
पहाटे चारचा थकलेला डॉक्टर पुरतो.

चौथ्या खाटेवर क्लिफर्ड टॅम्स.
एकोणचाळीस वर्षं कारखान्यात
बश्यांना सोनेरी कडा ओढल्या यानं.
चाक फिरायचं, हात स्थिर.
आता हात थरथरतो, बाकी सगळं स्थिर.
नाव सांगा. जन्मतारीख सांगा.
"कालचीच आहे गं डक, बदलली नाही अजून."
या गावात मायेनं बदक म्हणतात माणसाला.

न्याहारी तशीच पडलेली, अंडं थिजलेलं.
दोन दिवस मळमळतंय म्हणाला.
मग चहाचा कप उजेडात धरून,
"खर्च केलाय हां इस्पितळानं!
कपाला सोनं. त्या दिव्याला सोनं.
तुझ्या कानांनासुद्धा."
शेजारचा हसला, चहावाली हसली,
मीही हसायला तोंड उघडलं

आणि मिटलं.
उजवं पान, खालून तिसरी ओळ, माझंच वाकडं अक्षर:
डिजॉक्सिन. तिलपुष्पीच्या कुळातलं,
हृदयाला दमानं चालायला शिकवतं.
जास्त झालं तर मळमळ, मंद ठोके,
वस्तूंभोवती पिवळी वलयं.

गोळी कागदी पेल्यात, तांदळाच्या कणीएवढी.
माणूस बरोबर, औषध बरोबर,
वेळ, वाट, मात्रा, सगळं बरोबर.
पाचही बोटं मोजून झालेली.

स्टेथोस्कोप छातीवर टेकवला.
पूर्ण एक मिनिट. अर्धं मोजून दुप्पट करायचं नाही,
हा बाजार नाही.
सेहेचाळीस.
थांबून थांबून
सत्तेचाळीस.
काटा बारावर आला.

साठच्या खाली द्यायचं नाही, हे पाठ होतं,
तरी सांगताना आवाज चोरासारखा निघाला.
मॅरिविकनं स्वतः मोजले, माझ्याकडे न बघता.
मग तक्ता मागे उलटला:
छातीतल्या कफासाठी शुक्रवारपासून नवं अँटिबायोटिक.
या दोघांचं जमत नाही
हे कुणीच कुणाला सांगितलेलं नव्हतं.
"डॉक्टरला फोन लाव," म्हणाली.
शाबासकी नाही.

चौकोनात लिहिलं: दिली नाही.
का, ते लिहिलं. आठ वाजून बावीस मिनिटं.
सही माझी, खाली तिची.
दिलेली मात्रा लागू पडते म्हणतात आपल्याकडे.
न दिलेली लागू पडली तर काय म्हणायचं?
रात्री आईनं विचारलं, आज काय केलंस,
तर म्हटलं, काही नाही गं.

गुरुवारी टॅम्स टोस्ट खात होता.
कप हातात घेऊन सावकाश फिरवला,
कड अंगठ्यानं चाचपली.
"पांढरा," म्हणाला. "साधा, पांढरा."
जरा वाईटच वाटलेलं दिसलं त्याला.
"तशी ती कडा जाडच होती म्हणा.
मी ओढली असती तर..."

पुढचं बोलला नाही.
मी नाव विचारलं. जन्मतारीख विचारली.