बाणातला ण

डिसेंबरात बर्नलीला साडेतीनलाच दिवे लागतात.
चहाची ट्रॉली परत गेली की
एडना ऑर्मरॉड उशाखालून पुस्तक काढते,
चष्मा हरवलाय म्हणते.
चष्मा तिच्या गळ्यात असतो.
मी खुर्ची ओढून बसते.

जाडजूड जुनी कादंबरी, कणा मोडलेली,
दीडशे वर्षांपूर्वीच्या गिरणगावची.
तिच्यातली टॅबिथा मागावर एक बोलते,
मालकाच्या दिवाणखान्यात दुसरं.
मधली टेकडी चढताना
तोंडातल्या तोंडात शब्द बदलत जाते,
चिखलाचे बूट उतरवून सपाता घालाव्यात तसे.

मागावरचं बोलणं छापताना
लेखकानं अक्षरं गाळलीत,
प्रत्येक रिकाम्या जागी वर एकेक बारीक आकडा टांगलाय.
मी अडखळते. 'नॉट' वाचते.
एडना मान उचलते: "नाउट, पोरी.
काही नाही म्हणजे नाउट.
आणि तो आकडा बघू नकोस.
आमचं काही पडलेलं नव्हतं तिथून."

अठ्ठावीस वर्षं ती मागावर होती.
एवढा खडखडाट, की आवाज कामाचाच नव्हता.
बायका ओठांनी बोलायच्या,
शेडच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत:
कुणाला दिवस गेलेत, कुणाचा नवरा पिऊन पडलाय,
मुकादम येतोय.
करून दाखवते ती. सुरकुत्यांतून तोंड एवढं मोठं उघडतं,
आणि खोलीत रेडिएटरशिवाय काहीही ऐकू येत नाही.

पान दोनशे बारा.
टॅबिथाचा भाऊ मागच्या दाराशी येतो, टोपी हातात.
मालकीण जिन्यावर उभी.
टॅबिथा त्याच्याशी दिवाणखान्यातलं बोलते.

मी इथे थांबते.
घसा कोरडा पडलाय असं सांगते.

पुण्याला, नर्सिंग हॉस्टेलच्या फाटकाशी,
हिलालदादा आला होता साक्रीहून,
रात्रभर एसटीत उभा राहून,
कळण्याच्या पिठाची पिशवी छातीशी धरून.
माझ्यामागे रूममधल्या दोघी.
दोन महिने मी आरशासमोर घोकलं होतं
आणि, पाणी, लोणी, बाणातला ण,
जीभ टाळूला लावून, मागे वळवून.
'कव्हय उना?' एवढंच तर विचारायचं होतं.
मी म्हणाले,
"कधी आलास? प्रवास ठीक झाला ना?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मग त्या दोघींकडे.
पिशवी खाली ठेवली, हळूच, सांडू नये म्हणून.
"ठीक झाला," म्हणाला. "आपण आत जा. ऊन आहे."

आपण.

त्या पिठाच्या भाकरी कुणी खाल्ल्या
मला आठवत नाही.
पीट आवडीनं खाणारी मी एकटीच होते तिथं,
आणि मला भूक नव्हती.

मग ह्या देशात आले, आणि काय बघते,
इंग्रजीला ण नाहीच.
एवढ्या कष्टानं वळवलेली जीभ
कस्टममधून तशीच आणली, कुणी विचारलं नाही.
इथे पकडतात ते वेगळ्याच अक्षरांवरून.
सकाळी मॅनेजरबाईंना फोन करताना
मी अजूनही ओठ आधी मांडून घेते.

"मेली का काय तू?" एडना विचारते.
"दारातल्या माणसाचं वाक्य वाच.
तो काय म्हणतो ते वाच ना."

वाचते. आकडे न बघता.
माझा ट टणकन आपटतो, र खडबडतो,
लँकेशायरचं काही राहत नाही त्यात,
साक्रीच्या बाजारातलं थोडं येतं.
एडना डोळे मिटून ऐकते.
"असंच," म्हणते. "जवळपास."

मग तिचे ओठ हलतात, बिनआवाजी,
माझ्याकडे नाही, खिडकीकडे,
पलीकडच्या मागावर कुणी उभं असावं तसे.
मला अजून ओठ वाचता येत नाहीत.
मी पान दुमडते.
साक्रीला आता रात्रीचे नऊ वाजून गेलेत.
दादा जागा असेल.
खिशातला फोन हातात घेऊन मी कॉरिडॉरमध्ये उभी राहते,
'जेवण व्हयनं का' एवढं
एकदा, दोनदा, नुसतं ओठांनी म्हणून बघते.