आरसा कुठं लावायचा

आप्पासो गवंडी पडदीवर टिचकी मारून म्हणाला,
"ही पोकळ हाय, वैनी. दुपारपर्यंत खाली येतीया."
त्याच्या कानावर पेन्सिल, खिशात ओळंबा,
आणि मंगळवार पेठेतल्या आमच्या साडेसात बाय पाचच्या न्हाणीत
भर सकाळी नऊला पिवळा बल्ब.

सव्वीस वर्षं मी इथं बल्बच्या उजेडात अंघोळ केली.
बल्ब गेला की अंदाजानं.
साबण कुठं, तांब्या कुठं, बादलीची कड कुठं,
हाताला सगळं पाठ.
डावीकडची ती गाठही
हातालाच आधी कळली,
शेंगदाण्याएवढी,
फेसाखाली सरकणारी.

आता प्लॅन.
चौकटींच्या वहीत मी कमोड उचलून उत्तरेच्या कोपऱ्यात नेला,
कारण दार उघडलं की पाव्हण्यांना आधी तोच दिसायचा.
शॉवर आत, बेसिन दाराशी, मध्ये अर्धी काच.
ओलं तिकडं, कोरडं इकडं.
"पाइप फिरवायला लागंल. उतार फुटाला पाव इंच,
न्हाईतर पाणी तुमच्याकडंच बघत बसंल,"
म्हणत आप्पासोनं पाणसळ जमिनीवर ठेवली
आणि तिच्यातला बुडबुडा थांबेपर्यंत
आम्ही दोघं श्वास धरून उकिडवे.

खिडकीवरून मात्र दोन दिवस गेले.
पश्चिमेला सरनाईकांची भिंत चिकटून, उत्तरेला जिना.
राहता राहिला पूर्वेचा बोळ.
नोव्हेंबरचा आख्खा आठवडा
मी बोळातल्या भिंतीवर खडूनं उन्हाच्या रेघा मारल्या:
सात पस्तीस, सात पन्नास, आठ वीस.
मग सरनाईकांच्या गच्चीवरची टाकी आडवी येते,
आणि पावणेनऊला परत एक पट्टा, हातभर रुंद.
खिडकी तिथं.
सहा फुटांच्या वर, आडवी, खरबरीत काचेची.

"एवढं कशापायी, वैनी?
अंबाबाईला सुदीक वर्सातनं दोनदाच किरणं,
ती बी मधी कुणाची गच्ची आली की अडत्यात."
देवीचं देवीला, मी म्हटलं.
मला रोज पाहिजे.
तो हसला. कशाला, ते त्यानं परत विचारलं नाही
आणि मी सांगितलं नाही.

धैर्यशील बोलला ते फक्त फरशीवर.
"पांढऱ्या नकोत, डाग दिसतात."
मी शिरोलीच्या गोदामातून पांढऱ्याच आणल्या,
चकाकी नसलेल्या,
म्हणजे ऊन भिंतीवर पसरतं, डोळ्यात घुसत नाही.
डाग दिसायलाच पाहिजेत.

शेवटी आरसा.
जुना खिळ्याला टांगलेला, तळहाताएवढा,
त्यात टिकली मावायची, गळा मावायचा नाही.
नवा अडीच फुटी.
खिडकीच्या समोर धरला तर नुसता लखलखतो,
खिडकी पाठीशी घेतली तर माणूस काळा पडतो.
बाजूच्या भिंतीवर धरला
की उजेड कडेनं येतो अंगावर
आणि सगळं जसं आहे तसं.
शिवण धरून.

शनिवारी, सात पन्नासला, आप्पासो यायच्या आधी,
धैर्यशीलनं तो दोन्ही हातांनी भिंतीशी धरला.
"इतका?"
थोडा खाली.
"इतका?"
अजून खाली.
"चेहरा तर केव्हाच आला की," तो म्हणाला,
आणि मग गप्प झाला.
ऊन खिडकीतून त्याच्या मनगटावर उतरलं होतं.
त्यानं आरसा चार बोटं खाली घेतला.
मग, न विचारता, अजून दोन.

खिडकीच्या कट्ट्यावर आप्पासोची पेन्सिल राहिली होती.
तिनं मी भिंतीवर खूण केली.