रत्नगंधी

अथणीच्या बाहेर, तेलसंगच्या रस्त्याला
तीस बाय चाळीसचा प्लॉट.
घर बांधून उरली ती सहा फूट जागा:
मुरूम, विटांचे तुकडे, घट्ट झालेलं सिमेंट.
शेवंतानं तिथं गुलाब लावले, निपाणीहून आणून,
आणि नळाला पाणी आठ दिवसांतून एकदा.
पुढचं सांगायला नको.
काठ्या राहिल्या.
त्यांवर ती पायपुसणी वाळत घालायची.

मी तीस वर्षं विजेची मीटरं वाचली,
कुणाच्या घरात किती जळतं ते मला बाहेरून कळतं.
हा हिशेब मात्र शेजारच्या निलव्वाचा.
सरकारी दवाखान्याच्या कुंपणावरची
एक काळी चपटी शेंग तिनं पदराच्या गाठीतून सोडली,
म्हणाली, ‘रत्नगंधी.’
शेवंतानं ती उलटीपालटी केली.
‘अगं बाई, हा तर शंकासुर की!’

बी दगडावर घासायचं. एकाच बाजूनं, थोडंच.
रात्रभर कोमट पाण्यात.
फुगेल तेवढंच पेरायचं.
नवव्या दिवशी मुरूम जरासा उचलला गेला,
मी पाइप घेऊन धावलो,
तर कंपाउंडवरून आरोळी:
‘नीर ब्याड री, नीर ब्याड!’
लाड केले की मूळ वरच लोळत राहतं,
असं काहीसं ती कानडीत बोलली.
मला निम्मं कळलं. झाडाला सगळं.

पुढच्या मे महिन्यात
टँकर कोपऱ्यावर, घागरींची रांग, भांडणं,
आणि आमच्या फाटकाशी
भांडी विसळलेल्या पाण्यावर वाढलेला तुरा:
लालभडक, पाकळीच्या कडेला पिवळा काठ,
इरकलीच्या पदरासारखा,
मधून लांब तंतू बाहेर, जसं कुणाला तरी बोलवतंय.
घागर खाली ठेवून बायका बघायच्या.
रांग तेवढ्यापुरती मोडायची.

फेब्रुवारीत मी ते गुडघ्याएवढं छाटलं.
शेवंता दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या आठवड्यात खोडाला इतके कोंब फुटले
की ती मलाच सांगायला लागली,
‘छाटावं लागतंय हो, त्याशिवाय भरत नाही.’

आता कुणी फुलं मागायला आलं
की ती म्हणते रत्नगंधी,
केर काढताना काटा बोचला की शंकासुर.
निलव्वाकडं नेमकं उलटं चालतं म्हणे.

भर दुपारी, वाऱ्याचं नाव नसताना
शेंग तडकते. तट्.
एक बी आमच्या पायरीवर,
एक कंपाउंडपलीकडं.
मी पडल्या पडल्या मोजतो.
सवय जात नाही.