हत्तीखान्याचा जमाखर्च

जुने कागद उघडले की पंखा बंद ठेवायचा असतो.
मे महिन्यातलं बडोदं, दफ्तरखान्याची वरची खोली.
कोपरावरून मनगटाकडे निघालेला घाम
रुमालाने टिपायचा, मग पान उलटायचं.
हे मला खासनीसबाईंनी शिकवलं, आणि मोडीही,
दर रविवारी, दांडिया बाजारात, त्यांच्या गॅलरीत.
फी : आठवड्याला एक ओळ, बिनचूक.

हत्तीखान्याचा कारकून लेखणी उचलत नाही.
गूळ, तूप, कडबा, साखळदंड, माहुताचा रोजमुरा
सगळं एका दमात,
शब्दाशब्दांत श्वासापुरतीही फट नाही.
आणि मधेच, दिव्याच्या तेलाखाली :
सुत गेल
इथे कसरीचं भोक.
पुढे : सबब काम बंद, रोज तीन.

मोडीला ऱ्हस्वदीर्घाचं सोयरसुतक नसतं.
भोकात मात्रा होती, तर सूत. झुलीच्या शिवणीचं. संपलं.
भोकात काना होता, तर
मुलगा.

माझा दीड महिना त्या भोकापाशी गेला.
ध्रुवमॅडम म्हणाल्या, लेक लिहिलं असतं त्याने,
हिशेबात सुत कोण म्हणतं?
खरं आहे.
पुढच्या चार पानांत सुताची खरेदी नाही,
हेही खरं आहे.
यावर मला तीस पानं लिहायची आहेत.

आई नातेवाइकांना सांगते, बँकेच्या परीक्षा देतेय.
मी खोडत नाही.

पराग मुनशीला सात वर्षं झाली.
सोमवार-मंगळवार पादरा, बुधवारी डभोई,
उरलेले दिवस इथे, तासावर पैसे.
सुट्टीत तास नाहीत, म्हणजे पैसे नाहीत.
सेवउसळीच्या गाडीवर म्हणाला, तू यात पडू नकोस,
आणि मग पाणपोयांवरच्या दानलेखांबद्दल
पाऊण तास बोलत राहिला.
रस्सा निवला. पाव तसाच हातात.
त्याच्या सल्ल्याची किंमत मला तिथेच कळली.

मला काय हवंय?
घुमटाच्या इमारतीत एक खोली,
दारावर नाव, पितळी नको, खडूने चालेल.
समोर अकरा मुलं,
नऊ हजेरीपुरती, एक पेंगणारा,
आणि एक जी मान वर करून विचारेल,
बाई, भोकच नसतं तर तुम्ही काय लिहिलं असतं?
तिला उत्तर न देता आल्याचा मला पगार हवाय.
एक तारखेला.
त्यागाच्या गोष्टी मला सांगू नका.
कारकुनालाही दरमहा सात रुपये होते,
त्याच्याच हाताने लिहिलेत, जरा ठळक.

काल रात्री फेलोशिपचा अर्ज भरत होते.
रकाना नऊ : संशोधनाची समाजाला उपयुक्तता, शंभर शब्दांत.
चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं.
पाचव्यांदा फक्त 'समाजाला' उरलं.

बाबा रिफायनरीतून आले, दुसरी पाळी.
स्क्रीनवर पानाचा फोटो उघडा होता.
हे काय, मुंग्यांची रांग?
मी दोन्ही अर्थ सांगितले. काना, मात्रा, भोक.
त्यांनी बूट काढले, मोजे बुटात कोंबले.
किती दिवस काम बंद?
तीन.
सुतासाठी तीन दिवस कोण घालवतं?
मांडवीत मिळतं की. जा, घे, ये. तासाचं काम.
आणि पंचा घेऊन न्हाणीघरात गेले.

नळाचा आवाज येत होता तोवर
मी ते लिहून घेतलं.
तळटीप सत्तावीस :
विलास केशव रणनवरे, ऑपरेटर,
मौखिक,
रात्री साडेअकरा, बूट काढताना.